केरळहून आलेलं पत्र

उस्मानपुऱ्यात मोबाईल दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावरून डाग देताना जळणाऱ्या राळेचा वास आला आणि मला रेडिओ दुरुस्त करणारे सलीमभाई आठवले.

लासूरच्या शेतात आम्ही दोघांनी बाभळींवरून तांब्याची लांबच लांब तार ओढली होती. कमी फ्रिक्वेन्सीचा आमचा क्षीण सिग्नल केरळातल्या एका हौशी रेडिओवाल्याला ऐकू जातो का, ते पाहायचं होतं. महिनाभर रोज पहाटे पाठवत राहिलो. मग सलीमभाई काविळीनं अंथरुणाला खिळले. केरळहून पत्र आलं, ते घेऊन मी त्यांच्या उशाशी बसलो.

"पोचला का आपला सिग्नल?"

"नाय, सलीमभाई. नुसती खरखर आली म्हणतात."

"अजून थोडी तार पाहिजे होती," म्हणत ते भिंतीकडे वळले. चार दिवसांनी गेले.

तेव्हा खरं बोलल्याचं मला समाधान होतं. आता वाटतं, चष्म्याशिवाय त्यांना वाचता येतच नव्हतं. 'व्हय' म्हणालो असतो, तर माझं काय गेलं असतं?