ब्रेक चांगले होते

लालसाब आणि नूरबीचं ते भांडण अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं. घरात दोघं दखनीतच बोलायचे, पण नूरबी चिडली की मराठीवर यायची. शेजारणींना नीट कळावं म्हणून, दुसरं काय! त्या दिवशी लालसाब बावीस दिवसांनी ट्रक घेऊन परतला होता, आणि दीड वर्षाच्या सनानं त्याला दारात बघून आईला हाक मारली होती, "चाचा आला."

"ऐकलंत? बापाला चाचा म्हणते पोरगी. सोडा ती गाडी!"

"गाडी सोडली तर मी कोण उरतो गं?"

"माणूस उरता की! तेवढं पुरत नाही का?"

चौथ्या दिवशी टॉवेलचे गठ्ठे भरून लालसाब कोइमतूरला निघून गेला.

त्याला वीसेक वर्षं झाली. सना लग्न होऊन लातूरला गेली तरी बाप गाडीवरच. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण रस्ता तोंडपाठ. कुठल्या वळणावर चिंच, कुठं साखर कारखान्याच्या मळीचा वास, सगळं. गेली दोन वर्षं डोळ्यांपुढं धुकं यायला लागलं, तेव्हा गाडी त्या पाठांतरावरच चालली. लायसन्ससाठी डोळे तपासताना दरवेळी अक्षरांचा तोच तक्ता. लालसाबनं तोही पाठ केलेला. समोरच्यानं अक्षरावर काडी टेकवायच्या आत याचं उत्तर तयार! घरी चहा बशीबाहेर ओतायचा आणि म्हणायचा, "बशी हलली." नूरबी फडक्यानं पुसून घ्यायची. डोळ्यांचं नाव काढलं की स्टेअरिंग गेलं, हे तिलाही ठाऊक होतं.

मग रस्ता रुंद झाला. चिंचा गेल्या, आणि काळ्या डांबरात मधेमधे पांढऱ्या सिमेंटचे तुकडे आले.

एका सकाळी सुताची खेप घेऊन तो विजापूरकडून येत होता. सोलापूर जवळ आलेलं. पुढं पांढरं दिसलं. सिमेंट लागलं, असं समजून त्यानं गाडी जरा रेटली, आणि तो पांढरा रस्ता हलला. माडग्याळी जातीची पांढरी मेंढरं होती. लालसाब ब्रेकवर अक्षरशः उभा राहिला. गाडी थांबली, पण एक गाभण मेंढी चाकाखाली आलीच.

सिद्धनाथ नावाचा म्हातारा धनगर काठी उगारून धावला. "डोळं फुटलं व्हय रं तुजं? येवढा कळप दिसंना?"

लालसाब खाली उतरला. माफी मागताना तो धनगराच्या तोंडाकडं नाही, खांद्यापलीकडं बघत होता. सिद्धनाथची काठी खाली आली.

"खरंच दिसत न्हाई की तुमाला," तो म्हणाला. "माजी नात हुती म्होरं. आजून धा हात गाडी आली असती तर?"

लालसाब चाकाला टेकून खाली बसला. तिथूनच त्यानं गाडीच्या मालकाला, गुरुशांतशेठना फोन लावला.

"ब्रेक लागला नाही म्हणून सांगा, लालसाबभाई," शेठ म्हणाले. "गाडी जुनीच आहे. मेंढीचं मी बघतो."

ड्रायव्हर लोकांत हे नेहमीचंच. ब्रेकला कुठं तोंड असतं उलटून बोलायला?

"ब्रेक चांगलेत, शेठ. डोळे गेलेत माझे. दुसरा ड्रायव्हर पाठवा."

"विचार करून बोला. असं म्हणालात तर परत गाडी हातात मिळायची नाही."

"म्हणूनच तर आजवर बोललो नव्हतो."

दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत त्यानं सिद्धनाथबरोबर मेंढी उचलून कडेला नेली. मग तीस वर्षांत पहिल्यांदा तो क्लीनरच्या बाजूला बसला.

सोलापूरजवळ चिंचोळीला टॉवेलच्या कारखान्याच्या फाटकात गाडी लागली. "काका, तुमी बसा, मी करतो की," नवा ड्रायव्हर म्हणाला. लालसाब उतरलाच. त्यानं दोर सोडले, ताडपत्रीची घडी घातली, लोखंडी पान्यानं दहाही चाकं वाजवून हवा बघितली. सुताच्या पेट्या उतरल्यावर कागद घेऊन खिडकीशी गेला.

"शिक्का नीट उमटू द्या, साहेब," नेहमी म्हणायचा तसंच म्हणाला, आणि माल पोचल्याची पावती चार घड्या करून वरच्या खिशात ठेवली.