धुरीचा दोष नव्हता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाय. जिला सांगायला पाहिजे होतं ती माझी बायको, सुमन, गेल्या वर्षी गेली. आता तुम्हाला सांगतो.

नात झाली तेव्हा सुमन नुसती वेडी झाली होती. तेल लावणार तीच, न्हाऊ घालणार तीच, निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी देणार तीच. सुनेला हात लावू देईल तर शपथ. पोर दूध ओढताना मधेच थांबते, कपाळाला घाम येतो — हेही पहिलं तिलाच दिसलं. "अवो, ही धापते. चला पनवेलला."

सून तापानं पडलेली, मुलगा कामावर. आम्ही दोघंच गेलो. पोरीला तपासताना बघवेना म्हणून सुमन बाहेर बसली. आत मी. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचं यंत्र पोरीच्या छातीवर फिरवलं. मला वाटायचं ते पोटासाठीच असतं. पडद्यावर पांढरे पट्टे दिसले. "बाबा, फुफ्फुसात पाणी आहे. हा साधा कफ वाटत नाही, हृदयामुळे असू शकतं. आजच इको करा."

मी मान डोलावली. बाहेर येऊन सुमनला म्हणालो — कफ हाय.

का? परवा बारसं होतं. पाहुणे बोलावलेले. पोरीच्या काळजात खोट हाय हे चार लोकांत कसं सांगायचं? दोन दिवसांनी काय बिघडतंय — असं मला वाटलं.

बारशातच पोर निळी पडली. मुंबईला नेली. काळजाला जन्माचंच भोक होतं, ऑपरेशन झालं. वाचली. आता शाळेत जाते, मला दटावते.

पण सुमननं मनात धरलं — माझ्या धुरीनं कफ झाला, म्हणून डॉक्टरीण चकली, म्हणून उशीर झाला. त्या पोरीला तिनं परत कधी न्हाऊ घातलं नाय. एकदा विचारलंन, "धूर मी जास्त केला का हो?" मी म्हणालो, "झालं ते झालं."

‘नाय’ एवढं एक अक्षर — ते नाय निघालं तोंडातून. निघालं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं ना?

शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा नातीला जवळ घेऊन म्हणाली, "बाय, तुझ्या आजीनं तुला लय त्रास दिला. राग धरू नको." पोरीला काय कळणार? तिनं आजीच्या गळ्यात हात टाकले.

मी उशाशी मोसंबी सोलत होतो. सोलत राहिलो.