डाव्या पायाचं माप

ओतशाळेत वितळलेल्या लोखंडाची कढई धरणाऱ्याच्या बुटाला नाडी नसते. पोटरीपर्यंत उंच बूट, घोट्याला एक पट्टा, वर एक, दोन्ही झटक्यासरशी सुटणारे, आणि बोटांवर लोखंडी टोपी. रसाचा थेंब आत उतरला की नाडी सोडत बसायला सवड कुठली? एका लाथेसरशी बूट उडाला पाहिजे.

वस्तादनं बावीस वर्षं कढई धरली. पण या वर्षी त्याचा डावा पाय सुजायला लागला. सकाळी बरा असायचा, दुपारपर्यंत भोपळा. मुकादमाला कळलं तर कढई जाणार आणि वाळू चाळायला बसावं लागणार, ही धास्ती. त्या वाळूच्या कोपऱ्याला पांजरपोळ हे नाव त्यानंच ठेवलेलं.

जुने बूट फाटले तेव्हा बायकोनं सांगितलं, दिवस कलल्यावर जा, पाय फुगलेला असला की माप खरं मिळतं. बायकोचं ऐकायचं म्हणजे नाक कापल्यासारखं. गडी सकाळीच गेला.

दुकानदार पडला मुकादमाचा मेहुणा. त्यानं उजव्या पायात बूट चढवला, टाचेत बोट घालून पाहिलं, चालायला लावलं, मग डावा पाय मागितला. वस्ताद म्हणाला, दोन्ही पाय एकाच आईचे आहेत. दुकानदारानं तरी सुचवलं, दोन्हींत फरक असेल तर मोठ्या पायाचं माप घ्या, लहान पायात जादा तळवा घालून देतो. वस्तादनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कामाच्या दिवशी त्यानं डाव्या मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि दात-ओठ खात पाय आत कोंबला. गेला एकदाचा. नवे बूट आले की मुकादम शिट्टी वाजवून ते झटकायला लावायचा, हे त्याला ठाऊक होतं. पण जुन्या माणसाला कोण तपासतंय, या भरवशावर तो होता.

दुपारी भट्टीपुढे शिट्टी वाजली. उजवा बूट भिंतीवर जाऊन आदळला. डावा जागचा हलेना. वस्तादनं लाथ मारली, पुन्हा मारली, मग तोल जाऊन ढुंगणावर आपटला. पोरं खिदळली. दोघांनी बूट ओढला, शेवटी चामडं कापावं लागलं. पाय बाहेर आला तेव्हा हसणं आपोआप थांबलं.

मुकादम पायाकडे बघतच राहिला.

"वस्ताद, सूज आहे म्हणून मी काढलं नसतं तुम्हाला. दोन नंबर मोठा बूट आणला असतात तर मी खाली बघितलंही नसतं. पण निघत नाही असा बूट घालून रसापुढे उभे राहिलात. उद्या माझ्या पोरांना काय शिकवाल?"



दुसऱ्या दिवशी वाळूजवळच्या म्हाताऱ्यानं न विचारता सरकून जागा दिली, हातात चाळण ठेवली. तिथं बूट लागत नाहीत. वस्ताद चपला काढून बसला. कितीतरी महिन्यांनी पायाला बरं वाटत होतं, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त झोंबलं.