बाबांचा न पाठवलेला अर्ज

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — धीर आहे तोवर.

माझे बाबा खामगावला एकटेच राहतात. सरकारी कचेरीत कारकून होते. मी कॅनडात. मला मुलगी झाली त्याच्या सहा वर्षं आधीची गोष्ट — जवळच्या उंद्री गावातल्या एका लग्नातून पिऊन स्कूटरवर परतताना पोलिसांनी त्यांना धरलं. कुणाला लागलं नव्हतं. त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला, आणि त्यानंतर दारूच्या थेंबाला शिवले नाहीत.

मग आई गेली. मग नात झाली. बाबा म्हणाले, "महिनाभरच येतो बाई. पोरीले मांडीवर घेतो अन् वापस येतो."

इथल्या वकिलाने सांगितलं — अशा शिक्षेमुळे या देशात येऊ देत नाहीत. पण पाच वर्षं उलटली असतील, तर माणूस सुधारल्याचे कागद जोडून अर्ज करता येतो. परवानगी बहुतेक मिळेल.

बाबा कामाला लागले. निकालाच्या नकलेसाठी कोर्टात चार खेपा घातल्या. हिवरा आश्रमातून पत्र आणलं — हे गृहस्थ दर महिन्याला इथे पंगतीत वाढायला येतात. शेजारच्या शिंपीचाचांनीही लिहून दिलं, की इतक्या वर्षांत यांच्या तोंडाला कधी वास आला नाही. सगळं पाकीट माझ्याकडे आलं.

अर्ज मी केलाच नाही.

का? भीती म्हणावी — तर नव्हती. त्यांनी मला कधी चापटही मारली नव्हती. सासरी लाज वाटेल म्हणून? थोडीशी. पण खरं सांगू? "आलं का काही?" असं ते रोज विचारायचे, आणि ते ऐकायला — मला आवडायला लागलं होतं.

आठ महिन्यांनी मी त्यांना म्हणाले, "नामंजूर झाला. दारुड्यांना इथे जागा नाही, असं लिहिलंय."

असं कुणीच लिहिलं नव्हतं. ते वाक्य मी भांडी घासता घासता जुळवलं होतं.

फोनवर बाबा म्हणाले — "काऊन लिहिलं असंन तसं? मी तं सोडली होती."

त्याला चार वर्षं झाली. मागच्या रविवारी व्हिडिओवर मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही का येत नाही?" मी मध्ये पडले नाही.

"म्या दारू पेली होती ना, बेटा," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून — "माह्याच करणीचं फळ हाये बाई. तुले लय तरास देला. माफ कर मले."

मी म्हणाले, "केलं, बाबा."