तांदळाएवढे महाराज

आमच्या घरासमोर एक रिकामा प्लॉट आहे. दर दिवाळीत तिथे रायगड उभा राहतो. तो बांधतात समोरचे काका. त्यांचं आयुष्य बुटीबोरीच्या एका मिलमध्ये गेलं, पण गल्लीत त्यांना सगळे किल्लेवाले काका म्हणूनच ओळखतात.

मी हा किल्ला लहानपणापासून बघत आले, पण वरच्या खिडकीतून. शाळा इंग्रजी. खाली चिखल कालवणाऱ्या मुलांची मराठी माझ्या मराठीपेक्षा फार वेगाने पळायची. मी एक वाक्य जुळवेपर्यंत त्यांचे चार विषय बदललेले असायचे. महाराज मला शाळेत इंग्रजीतून भेटले, एका धड्यात, आणि परीक्षा झाल्यावर तिथेच राहिले.

या वर्षी काकांच्या गुडघ्यांनी दगा दिला. खुर्चीत बसून ते काठीने मुलांना बुरूज दाखवत होते. मध्येच मान वर करून म्हणाले, "वर बसून काय पाहून राहिली वं पोरी? तू तर बिल्डिंगा काढते म्हणे. खाली ये, हात लाव."

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करते. नाही म्हणायलाही बोलावं लागलं असतं, म्हणून खाली गेले.

विटा आणि पोत्यांचा ढीग माझ्या छातीपर्यंत आला होता. त्यावर काळ्या मातीचा लेप, उतारांवर मोहरी पेरलेली. गडाचे कडे तासायचं काम मला मिळालं आणि ते मला आवडलं, कारण त्यात कोणी काही विचारत नाही. तीन संध्याकाळी मी गुपचूप कडे तासले. मग महाराज आले. प्लास्टरचे, वीतभर उंच, सिंहासनावर बसलेले. काकूंनी त्यांना पदराने पुसून गडावर ठेवलं. आणि मला दिसलं की महादरवाजा महाराजांच्या गुडघ्याइतका आहे.

"महाराज या दारातून बाहेर कसे येतील?" माझ्या तोंडून निघून गेलं.

मुलं थांबली. मला वाटलं, आता हसतील.

काका खुर्चीतून पुढे झुकले. दाराकडे बघितलं, महाराजांकडे बघितलं. "अरे, खरंच की गा," ते स्वतःशीच म्हणाले. "दरसाल आपण महाराजायले कोंडूनच ठेवून राहिलो."

मग मला विचारलं, "तुमच्या हापिसात कसं करतात?"

मी सांगितलं, की इमारतीच्या मॉडेलमध्ये आम्ही त्याच मापाची छोटी माणसं ठेवतो, म्हणजे इमारत केवढी आहे ते कळतं.

"मग आपल्या गडावर महाराज केवढे पाहिजे?"

खरा रायगड किती उंच, आमचा किती, मोबाइलवर हिशेब केला. उत्तर आलं तेव्हा मलाच खरं वाटेना. पुन्हा केला.

"तांदळाएवढे," मी म्हटलं.

काकांनी एकदा गडाकडे बघितलं. मग घराकडे तोंड करून म्हणाले, "अवं, तांदूळ आन जरा."

काकूंचं माहेर रामटेककडचं, तांदूळ घरचाच. त्यांनी मूठभर आणला, पण एक दाणा वेगळा काढून कुंकवात घोळवला. "कोरा नोको," म्हणाल्या. "राजे आहेत."

भुवया कोरायच्या चिमट्याने मी तो दाणा उचलला आणि सोनेरी कागदाच्या टिकलीवर ठेवला. तेच सिंहासन. हात मागे घेतला. मी काहीच बदललं नव्हतं. तेच कडे, तोच चिखल. पण गड अचानक वर गेला. इतका वर, की तो लाल ठिपका तिथे पोचलाच कसा, हे कळेना.

मग मी एकेक दाणा ठेवत गेले. मावळे. बाजारपेठेतली माणसं. पायथ्याशी आईसाहेबांचा वाडा, कारण वरची थंड हवा त्यांना सोसत नसे, असं काकांनी सांगितलं. त्या वाड्याशी एक दाणा. सिंहासनापासून आईपर्यंत माझ्या छातीपासून पावलांपर्यंतचं अंतर होतं, आणि तांदळाएवढ्या मुलाला ते कडे उतरून जायचं होतं. टकमक टोकावर एक पहारेकरी ठेवला, एकटाच.

काकांनी वीतभर महाराज घरात नेऊन देवघराशेजारी ठेवायला सांगितले. शेजारचे एक काका लगेच म्हणाले, "हे बरं नाही करून राहिले तुम्ही. लोक म्हणतील, महाराजायले लहान केलं."

"महाराज कुठं लहान केले गा? गड मोठा केला."

पण शेजारचे पुटपुटत गेले, आणि मला भीती वाटू लागली. महाराजांच्या बाबतीत आजकाल एक गोष्ट इकडची तिकडे झाली की माणसं जमतात, व्हिडिओ फिरतात. इतक्या वर्षांची काकांची अब्रू माझ्या एका वाक्यावर टांगलेली होती. मी म्हटलं, "काका, मोठी मूर्ती परत ठेवू या."

"काहून? तुला पटलं होतं ना?"

"हो."

"मग राहू दे."

नरकचतुर्दशीला दिवेलागणीच्या वेळी पलीकडच्या वस्तीतली पाच-सहा मुलं आली. ती दरवर्षी सगळे किल्ले बघत फिरतात. पुढच्याच्या कपाळावर चंद्रकोर होती, हातात मोबाइल. त्याने किल्ल्याभोवती एक फेरी मारली. मग दुसरी.

"महाराज कुठी आहेत?"

मग तो काकांकडे वळला.

"काका, महाराज दिसून नाही राहिले. गड बांधला अन् महाराजच नाही? मजाक लावली का?" मागच्याने मोबाइल वर धरला. काका खुर्चीतून उठायला गेले आणि गुडघ्याने त्यांना परत बसवलं.

मी जिन्याच्या पायरीवर होते. तिथून खाली आले. वाक्य जुळवायला वेळच मिळाला नाही.

"आहेत," मी म्हटलं. "उभ्याने नाही दिसणार. खाली बसा."

त्याने माझ्याकडे बघितलं. "कोन तुम्ही?"

"मीच ठेवलेत त्यांना."

तो उकिडवा बसला. मी पणती उचलून बालेकिल्ल्याजवळ धरली. सोनेरी टिकली चमकली आणि तिच्यावर तो लाल दाणा.

त्याने मोबाइलची टॉर्च लावली आणि प्रकाश हळूहळू कड्यावरून खाली नेला. वाटेवरचे मावळे, दरवाजा, पायथ्याचा वाडा. मग पुन्हा वर. प्रकाश टकमक टोकावर थांबला.

"इथं कोन हाय?"

"पहारेकरी."

"त्याले इथून महाराज दिसतात का?"

"नाही."

"महाराजायले तो?"

"तोही नाही."

त्याने प्रकाश त्या दाण्यावरच धरून ठेवला. "तरी उभा हाय," हळूच म्हणाला. आणि बसल्या-बसल्याच त्याने चपला काढल्या.

मागची मुलंही एकेक करून खाली बसली. त्यांच्यातला एक मात्र उभाच राहिला. "तरी हात जोडायले मूर्ती पाहिजे होती," तो म्हणाला. काकूंना ते पटलं. त्यांनी पाट मांडला आणि घरातले वीतभर महाराज आणून किल्ल्याबाहेर बसवले. त्या दिवसापासून लोक आधी पाटाशी हात जोडत आणि मग गुडघे टेकून गडावर महाराजांना शोधत. वयस्क माणसंसुद्धा.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी खाली आले तर सिंहासन रिकामं होतं. भिंतीवर दोन चिमण्या बसल्या होत्या. मला रडू यायला लागलं. इतके लोक जे बघायला येणार, तेच नाही.

काका चहा पीत होते. त्यांनी रिकाम्या टिकलीकडे बघितलं, मग चिमण्यांकडे. "घाबरू नोको. मोहिमेवर गेले असतील," म्हणाले. "राज्याभिषेकानंतर सहा वर्षं मिळाली त्यायले. त्यातही दक्षिणेत पार समुद्राजवळ जाऊन आले. तो मानूस सिंहासनावर बसून राहनारा होता का?"

काकूंनी दुसरा दाणा कुंकवात घोळवला. मी तो सिंहासनावर ठेवला नाही. महादरवाज्याबाहेर, उतरत्या वाटेवर ठेवला.

संध्याकाळी तो चंद्रकोरवाला पुन्हा आला, या वेळी आपल्या आईला घेऊन. दोघांनी पाटाशी हात जोडले. मग तो किल्ल्यापाशी उकिडवा बसला आणि सिंहासन रिकामं बघून माझ्याकडे वळला.

"ताई, आज कुठी आहेत?"

"शोधा," मी म्हटलं, आणि पणती त्याच्या आईच्या हातात दिली.