खिंडीतली लाल खूण

ठाण्याला जायचं म्हटलं की आमचे बाबा डोंबिवलीहून जुन्या रस्त्याचाच हट्ट धरायचे. खिंडीतला बायपास अर्ध्या वेळात पोचवतो, पण त्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उतरायचा. आणि तो रस्ता मोजणाऱ्यांत ते स्वतः होते! मला त्याचा भयंकर राग यायचा.

ठाण्यात त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा मी तडकलेच. "बाबा, नाटकं पुरे. बायपासनेच जायचं."

तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं.

मोजणीच्या दिवसांत खिंडीतल्या एका खडकावर त्यांनी लाल ऑइलपेंटने बाण काढला होता, शेजारी उंचीचा आकडा. पुढची मापं त्या खुणेवरून घ्यायची होती. आठवड्याने गेले तर बाणावर शेंदूर थापलेला, पुढे नारळ फोडलेला. गवत कापायला येणाऱ्या बायकांनी ठरवून टाकलं होतं, देवी प्रकट झाली. बाबांना आधी हसू आलं. मग गावं जमली, अर्ज झाले, साहेब आले, आणि देवीला धक्का नको म्हणून नकाशावरची सरळ रेघ वाकवली गेली. 'ती माझी खूण आहे' एवढंच सांगायचं होतं. नोकरी नवी, समोर जमाव. बाबा गप्प राहिले.

पुढे त्याच वळणावर गाड्या आपटत राहिल्या. पेपरात तशी बातमी आली की बाबांचं ताट तसंच राहायचं. आई म्हणायची, ॲसिडिटी.

"डोळ्यांचं बरंवाईट व्हायच्या आत एकदा खरवडून बघू दे," बाबा म्हणाले. "माझाच बाण आहे का ते."

रविवारी भर दुपारी गेलो. वळणाशेजारच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. ट्रक धडधडत जात होते, पण खडकाकडे चार पावलं गेलो आणि त्यांचा आवाज एकदम दूर गेला. मला ते मुळीच आवडलं नाही. देवीपुढे ताजी झेंडूची फुलं होती आणि हेल्मेटचा एक फुटका तुकडा.

बाबांनी आधी हात जोडले, मग पिशवीतून घरचं उलथनं काढलं. शेंदराचे ढलपे निघाले आणि खाली बाणाचं टोक दिसलं, आकडाही.

"माझंच अक्षर," बाबा म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मीही रडले.

तेवढ्यात रंगाचाही पोपडा सुटला. खाली खडक नव्हता. काळपट, घट्ट झालेला जुना शेंदूर होता, थरावर थर, आणि त्यात रुतलेला चांदीचा एक डोळा.

"तेव्हा वर शेवाळ होतं गं," बाबा पुटपुटले. "मला खडकच वाटला."

मला तर हायसं वाटलं. "अहो बाबा, म्हणजे देवी आधीपासूनच होती! तुमची चूक नव्हतीच."

"एवढ्या डोंगरात माझा हात इथेच का आला मग?"

त्यांनी ढलपे गोळा केले आणि त्या डोळ्यावर दाबून बसवले. ते राहीनात, पुन्हापुन्हा गळून पडत होते. शेवटी मीच त्यांना दंडाला धरून उठवलं.

गाडीत बसल्यावर विचारलं, "जुन्या रस्त्याने नेऊ?"

"आता कुठूनही ने," बाबा म्हणाले. "तिने बघितलंय मला."