लाल ओळींतली एकोणीस घरं

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या डीटीपीच्या दुकानात कांचनचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. मराठी मंडळाच्या वर्धापनदिनाच्या निमंत्रणाची चारशे पाकिटं पाच वाजेपर्यंत छापून द्यायची होती, आणि सभासदांची यादी जोडली की पाकिटांवर गेलेल्या माणसांची नावं उमटत होती. मागच्या वर्षी असंच एक पाकीट सुतकातल्या घरी पोचलं. त्या घरातल्या बाई दुकानाच्या पायरीवर येऊन रडल्या, तेव्हापासून कांचनने या कामाची धास्तीच घेतली होती. यंदा तर त्या गेलेल्यांत तिचे स्वतःचे बाबाही होते.

जुनीच फाइल जोडली गेलीय की काय, म्हणून तिने जोडणी तोडून नवी फाइल पुन्हा जोडली. तरी बाबा आपले हजर. वैतागून तिने मंडळाचे चिटणीस तुकोजीराव यांना फोन लावला. ते म्हणाले, गेलेल्यांची नावं पुसायला हात धजत नाही, म्हणून त्या ओळी मी लाल करून ठेवतो. मोठे हळवे गृहस्थ! पण सॉफ्टवेअरला रंग कळत नाही, फक्त अक्षरं कळतात, हे त्यांना कोण सांगणार? कांचनने मुकाट्याने नवा रकाना घातला, एकोणीस लाल ओळींपुढे 'नाही' लिहिलं आणि त्या गाळल्या.

पाकिटं बिनचूक यायला लागली. तिची तगमग मात्र वाढली. यादीत घरटी एकच नाव, तेही पुरुषाचं. नाव गाळलं की अख्खं घरच गळत होतं. अकोट्यातली तिची आईसुद्धा. बायकांची नावं मागायला तिने पुन्हा फोन केला.

"ती कुठे लिहिलीयत? आपण वहिनीच म्हणतो की," तुकोजीराव म्हणाले आणि सवयीने गुजरातीत घसरले. "एकोणीस राहिली तर चालशे, कांचन."

"नाही चालायचं, काका."

घड्याळाकडे बघत तिने घरोघर फोन लावले आणि अठरा नावं विचारून घेतली. एकोणिसावं तिला ठाऊकच होतं. 'नीरा' असं टाइप करून तिने आईला फोन केला आणि सांगितलं, यंदा पाकीट तुझ्या नावाने येईल.

आई म्हणाली, "कुठल्या नावाने? नीरा तर तुझ्या बाबांनी लग्नात तांदळात लिहिलं. त्याआधी मी संयोगिता होते."

बेचाळीस वर्षांच्या कांचनला हे आज कळत होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"तेच घालू?" तिने विचारलं.

"घाल," आई म्हणाली. "छापलेलं कसं दिसतं, ते मी कधी बघितलंच नाही."